टँकर मागच्या गेटने घ्यावा

रविवारी सकाळी नऊ चाळीसला माझ्या डोक्यावर शांपूचा फेस होता आणि शॉवरने दोनदा खाकरून मान टाकली. बाथरूममध्ये बादली नाही. तो रेन शॉवर, ते काचेचं पार्टिशन, तिथे बादली ठेवली की शोभा जाते, असं घर घेताना आम्हाला सांगण्यात आलं होतं. शेवटी बायकोने दाराच्या फटीतून फिल्टरच्या पाण्याचे दोन तांबे आत सरकवले. एका तांब्यात डोळे उघडले, दुसऱ्यात फेस कानामागे गेला, संपलं. टॉवेल गुंडाळून मोबाईल पाहिला तर सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज: ‘आज १० ते ११.३० डी विंगमध्ये फ्लॅट पाहण्यास पार्टी येत आहे. तोपर्यंत टँकर कोपऱ्यावर थांबवावा. नंतर मागच्या गेटने घ्यावा. सहकार्य अपेक्षित.’ खाली अकरा अंगठे आणि तीन नमस्कार.

गॅलरीत जाऊन पाहिलं. कोपऱ्यावर टँकर उभाच होता. मागच्या व्हॉल्वमधून धार लागलेली, ड्रायव्हर सावलीत तंबाखू मळतोय. टँकरवर ‘पिण्याचे पाणी’ रंगवलेलं, त्यातला ‘चे’ उडालेला. दहा हजार लिटर पाणी माझ्या डोळ्यांसमोर आणि माझ्या केसांत फेस वाळतोय.

त्या पार्टीचं नाव मला ठाऊक नाही. पण तिच्यासाठी, आणि पुण्यात ‘चांगल्या एरियात’ घर शोधणाऱ्या तुम्हा सगळ्यांसाठी हे चार अनुभवाचे बोल.

सगळ्यात आधी, गाव बघू नका, नाव बघा. आमच्या गावाला गावकरी एका नावाने ओळखतात, सात-बाऱ्यावरही तेच आहे. दलाल मात्र ‘बाणेर ॲनेक्स’ म्हणतो आणि त्या ‘ॲनेक्स’चे पैसे वेगळे लावतो. (खरं नाव इथे लिहीत नाही. भाव पाडल्याबद्दल चेअरमन माझ्यावर दावा ठोकतील.) कुरिअरवाल्याला पत्ता सापडला नाही तरी चालेल, सासुरवाडीत सांगताना तोंडात बाणेर आलं पाहिजे. इमारतीच्या नावातही पाणी असू द्या. लेक, रिव्हर, स्प्रिंग, फॉल्स, काहीही. माझं निरीक्षण असं की नावात पाणी जितकं जास्त, गेटवर टँकर तितके जास्त.

नदीचा व्ह्यू मिळत असेल तर अजिबात सोडू नका. सरकारी नकाशावर नदीकाठी एक निळी आणि एक लाल पूररेषा असते. ब्रोशरमध्ये त्या दोन्हींवर हिरवळ आणि एक धावणारी मुलगी छापलेली असते. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत हा व्ह्यू थेट पार्किंगमध्ये आला होता, लोकांना होडीतून बाहेर काढावं लागलं. पण तुमचा प्रकल्प वेगळा आहे. सगळ्यांचाच वेगळा असतो.

सँपल फ्लॅटमधल्या पलंगावर झोपून बघू नका. पाय बाहेर येतात.

‘हिंजवडी दहा मिनिटं’ यावर विश्वास ठेवा. पहाटे चारला, स्वतः मोजलेलं आहे.

आकड्यांत फार शिरू नये. बिल्डरांवर नजर ठेवणारं महारेरा हे सरकारी प्राधिकरण २०१७ पासून आहे, घर कार्पेट एरियावरच, म्हणजे आतल्या वापरायच्या जागेवरच विकायचं असा कायदा आहे. म्हणून सेल्सवाली मुलगी तुम्हाला ‘लक्झरी टू’, ‘अडीच बीएचके’ आणि ‘स्मार्ट थ्री’ असे शब्द देईल. तिला कार्पेट विचारू नका, चहा थंड होतो. त्या कार्पेटमध्ये आतल्या भिंतींची जाडीही धरलेली असते हे तर मुळीच काढू नका. दीड कोटीचं घर म्हणजे दीड कोटी, असं मनाशी धरून चला. मग मुद्रांक शुल्काचे सात टक्के म्हणजे साडेदहा लाख आणि नोंदणीचे तीस हजार हे सरप्राइज राहतं. बांधकाम चालू असेल तर वर पाच टक्के जीएसटी. घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलंत तर मुद्रांकात एक टक्का वाचतो. आमच्याकडे ही सूचना मी केली, हिने आनंदाने मान्य केली, आणि तेव्हापासून एसी सोळावर लावायचा की चोवीसवर, हे मालकीणबाई ठरवतात.

क्लब हाऊस, मिनी थिएटर, योगा डेक सगळं बघून घ्या, परत दिसणार नाही. इन्फिनिटी पूलचा फोटो मात्र काढाच. आमचा पूल पहिल्यांदा भरायला बारा टँकर लागले. दोन वर्षं आम्ही त्यात पोहलो, आता कबुतरं उतरतात.

आता पाणी.

तसं पाण्याविषयी बोलणं बरं दिसत नाही. दीड कोटीची बोलणी चालू असताना ‘नळाला पाणी किती वेळ येतं’ हे विचारणं म्हणजे पंचतारांकित हॉटेलात पिठल्याची चौकशी. तुम्ही टाइल्स व्हिट्रिफाइड आहेत की मार्बल ते विचारा, लिफ्ट कुठल्या कंपनीची ते विचारा, डोअरबेलमध्ये कॅमेरा आहे का विचारा. पाणी असणारच. पुणे आहे हे. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, अशी चार धरणं शहराच्या उशाशी. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा याच शहराने पेठांमधून पाणी फिरताना पाहिलंय. पुण्यात कधी पाण्याची ददात असते का?

माझा मेहुणा दुबईत राहतो. वाळवंट. वर्षाला जेमतेम चार इंच पाऊस, नदी नाही, पिण्याचं पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून नळाला सोडतात. त्याने तिथल्या एका उंची वस्तीत घर घेतलं तेव्हा मीच त्याला म्हटलं होतं, ‘अरे, वाळूत कशाला पैसे घालतोस, आपलं पुणं बघ.’ गेल्या मे महिन्यात तो इथे आला. सकाळी साडेसहाला टँकरच्या पंपाच्या आवाजाने जागा होऊन गॅलरीत गेला आणि म्हणाला, ‘भाऊजी, आग लागलीय का कुठे?’ मी त्याला सांगितलं, नाही रे, आमची आंघोळ आलीय.

तर हिशेब ऐका. ऐकाच, कारण हा तुम्हाला कोणी सांगणार नाही. आमचे २२० फ्लॅट. घरटी चार माणसं धरली आणि माणशी १३५ लिटर हे सरकारी माप धरलं तर दिवसाला जवळजवळ एक लाख १९ हजार लिटर पाणी लागतं. नळाचं आणि बोअरचं जे काय येतं ते येतं, उरलेल्यासाठी एरवी रोज आठ टँकर. बाराशे रुपये टँकर, म्हणजे दिवसाचे नऊ हजार सहाशे, महिन्याचे दोन लाख ८८ हजार, घरटी तेराशे रुपये. मे महिन्यात बोअर बसतात. मग रोज बारा टँकर, आणि भाव अठराशे. घरटी जवळजवळ तीन हजार, मेंटेनन्स वेगळा. पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलात भरलेलीच असते. त्यात पाणी कुठलं, हे विचारायचं नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसची, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराची साथ आली तेव्हा सगळ्या शहराला एकदम प्रश्न पडला की हे टँकर भरतात कुठे. महिनाभर पाणी उकळून प्यायलो. फेब्रुवारी सरला, प्रश्न विरला.

आणि बिल्डर? त्याने महापालिकेकडून परवानगी घेताना हमीपत्र लिहून दिलेलं असतं की पालिकेचं पुरेसं पाणी मिळेपर्यंत पाण्याची व्यवस्था मी करीन. स्टँपपेपरवर, सही-शिक्क्यासकट. आमच्याही बिल्डरने दिलं होतं. सोसायटी ताब्यात देईपर्यंत त्याने टँकर आणले, आणि हस्तांतराच्या पेढ्यांबरोबर टँकरवाल्याचा मोबाईल नंबर आमच्या हातात ठेवला. ते हमीपत्र आमच्यातल्या एकालाही तोवर ठाऊक नव्हतं. ठाऊक झाल्यावर आम्ही काय केलं? समिती नेमली. समितीने काय केलं? टँकरवाल्याशी घासाघीस करून पन्नास रुपये कमी केले आणि टाळ्या घेतल्या. २०१६ साली बाणेर-बालेवाडीत पाणी पुरत नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने नव्या बांधकामांच्या परवानग्या रोखल्या होत्या. त्याला आता कोण आठवतंय! गच्चीवर जा आणि क्रेन मोजा. मी मोजल्या, चौदा झाल्यावर मान दुखली. २०१७ ला ११ गावं शहरात आली, २०२१ ला आणखी २३ आली. आधी टॉवर येतो, मग गाव शहरात येतं, मग रस्ता येतो, मग रस्ता खणायला माणसं येतात. पाण्याची पाइप येणार आहे, येणार आहे, येणार आहे. अहो, पण माणसं राहायला आली त्याला वर्षं झाली!

मागच्या वार्षिक सभेत मी उठून म्हटलं, आपण २२० जण मिळून ते हमीपत्र घेऊन वकिलाकडे जाऊ, जमलं तर पेपरात देऊ. लॉबीत शांतता. मग पहिल्या रांगेतले एक गृहस्थ, दोन फ्लॅटांचे मालक, समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘काका, मुद्दा बरोबर आहे. पण हे बाहेर गेलं तर रेट पडतील.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर माझीही थोडी हलली. पुढचा विषय गणपतीची वर्गणी.

असो. त्या रविवारी साडेदहाला दूध आणायला खाली निघालो, डोक्यावर टोपी घालून. लिफ्टमध्ये ती पार्टी होती. तिशीतला मुलगा, त्याची बायको, आणि तिची आई. आई माण तालुक्यातल्या, नऊवारी, हातात पिशवी. सेक्रेटरी त्यांना लिफ्टचा ब्रँड सांगत होते. मुलगा भिंतीवरच्या स्क्रीनकडे बघत होता. त्या बाईंनी मात्र माझ्याकडे वळून विचारलं, ‘पानी कवा येतंय हितं?’

मुलगी ओशाळली. ‘आई, इथं चोवीस तास असतं गं.’

‘चोवीस तास,’ सेक्रेटरी म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले.

बाई माझ्या टोपीखालून कानाशी आलेल्या पांढऱ्या ओघळाकडे बघत होत्या. जन्म दुष्काळात गेलेली बाई ती, तिला काय कळायचं ते कळलं असणार. आणि मी, बासष्ट वर्षांचा माणूस, गप्प राहिलो. खालचा मजला आला, मी दूध आणायला गेलो.

हे लिहितोय ते त्या गप्प राहण्यापायी. आता सल्ले-बिल्ले पुरे. अहो, दहा रुपयांची कोथिंबीर घेताना जुडी उलगडून आत पिवळं पान शोधता ना तुम्ही? आणि वीस वर्षांचा हप्ता डोक्यावर घेताना एक नळ सोडून बघवत नाही? शिकलेली माणसं आहात, दोघंही कमावता. भिंतीच्या रंगाला ‘आयव्हरी’ म्हणायचं की ‘ऑफ व्हाइट’, यावर तासभर भांडता, आणि पाण्याचं नाव काढलं की तुम्हाला गावंढळ वाटायला लागतं. मग बिल्डर तुम्हाला का घाबरेल? आणि आम्ही राहणारे तुमच्याहून हलकट. आम्ही फसलो ते फसलोच, आता आमची किंमत टिकावी म्हणून तुम्हाला फसवायला टँकर लपवतो. त्या पहिल्या रांगेतल्या गृहस्थांनी लपवला, सेक्रेटरींनी लपवला, मीही लपवला.

तेव्हा विचारा. लाजू नका. पालिकेचा नळजोड किती इंची आहे, मीटर कुठे आहे, तो दाखवा म्हणा. बिल्डरचं पाण्याचं हमीपत्र मागा. मागच्या एप्रिल-मेची टँकरची बिलं मागा, सोसायटीच्या हिशेबात असतात, वॉचमनच्या रजिस्टरमध्ये तर तारीख-वेळ-गाडीनंबरासकट असतात. बोअर किती आणि त्यातले चालू किती ते विचारा. दलालाने रविवारी दहाची वेळ दिली तर जाऊ नका. मधल्या वारी या, उन्हाळ्यात या, सकाळी साडेसहाला या. कोणाला फोन न करता या, आणि मागच्या गेटने या.