तिसरा डाउन, अकरा यार्ड, आणि परत तेच!

काल आपल्या कॉलेज टीमच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यात परत तेच झालं. चौथा क्वार्टर, आपण चार गुणांनी पुढे, समोरच्यांचा तिसरा डाउन, म्हणजे चारपैकी तिसरा प्रयत्न, आणि ११ यार्ड बाकी. पास येणार हे अख्ख्या स्टेडियमला माहीत होतं. आणि आपल्या डिफेन्सिव्ह लाइनचे पुढचे चौघे? स्नॅप झाल्या झाल्या, म्हणजे बॉल खेळात येताच, ताठ उभे! समोरच्या लाइनमनच्या छातीला छाती भिडवली आणि तिथेच रुतले. मी मनात मोजत होतो. एक, दोन, तीन, चार. अडीच-तीन सेकंदांत बॉल सोडायला लागेल या हिशेबाने उभा राहिलेला तो पास टाकणारा क्वार्टरबॅक, त्याला चौथा सेकंद आयता मिळाला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि निवांत २२ यार्डांचा पास टाकला.

मग शिव्या कोणाला? कॉर्नरबॅकला, म्हणजे पास झेलणाऱ्या रिसीव्हरला मागे अडवणाऱ्याला. माझ्या मागच्या रांगेतले लोक त्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या नावाने ओरडत होते. अरे, चार-चार सेकंद रिसीव्हरला धरून ठेवणं कोणाला जमतं? पुढच्यांचं पाप मागच्याच्या माथी मारायचं हे मला अजिबात सहन होत नाही.

त्यावर कोचचा इलाज एकच, ब्लिट्झ, म्हणजे मागची माणसंही क्वार्टरबॅकवर सोडायची. लाइनबॅकर पाठवा, सेफ्टी पाठवा. मग मधली जागा मोकळी, तिथे छोटासा स्लँट, म्हणजे तिरका पास, की गेला टचडाउनपर्यंत. चौघांनी दबाव आणायचा म्हणजे सात जण मागे राहतात, एवढं साधं गणित आहे.

२०२१ चा जॉर्जिया विद्यापीठाचा संघ आठवा. त्या एका लाइनमधले तिघे २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक NFL संघांच्या निवडीत, पहिल्या फेरीत गेले. ट्रॅव्हॉन वॉकरच्या त्या मोसमात जेमतेम सहा सॅक (क्वार्टरबॅकला बॉलसकट पाडणं) होत्या, तरी तो सगळ्यांत पहिला निवडला गेला. जॉर्डन डेव्हिस ३४१ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ १५५ किलो, आणि ४० यार्ड ४.७८ सेकंदांत पळाला. अशी माणसं आपल्याकडे नाहीत, मान्य. पण खाली वाकून निघायला, हात आधी मारायला, बाहेरची कड धरून ठेवायला १५५ किलो लागत नाहीत!

ती कड तर रोज सुटते. मी सांगलीत कबड्डी बघत मोठा झालो. कोपऱ्यातल्याने पाय धरला आणि बाकीचे बघत राहिले, तर चढाईवीर सुटणारच. इथे आपला एंड, म्हणजे कडेचा लाइनमन, हावरटासारखा आत घुसतो आणि क्वार्टरबॅक त्याच्याच बाजूने बाहेर पळतो. दर शनिवारी.

आपला खरा एंड ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलायच्या यादीतून, दुसरीकडे गेला. त्याच्यावर राग नाही, पोरांना पैसे मिळतात ते योग्यच आहे. राग याचा की त्याच्या जागी कोणाला आणलंच नाही. सगळा पैसा रिसीव्हरांवर ओतला.

हरण्याचं दुःख मी गिळीन. २००९ मध्ये डॅमुकाँग सूने टेक्सासविरुद्ध साडेचार सॅक केल्या, तरी त्याचा संघ नेब्रास्का १२-१३ असा हरला. पण त्या रात्री टेक्सासच्या क्वार्टरबॅकला एक क्षण उसंत नव्हती. मला तेवढंच हवंय. तीन आठवडे डिफेन्सिव्ह लाइनचा कोच सांगतोय, 'पोरांनी मेहनत चांगली घेतली.' मेहनतीचं नंतर बघू. ती पोरं स्नॅपनंतर उभी का राहतात, ते सांगा!