दानशूर व्हायचंय? आधी सिद्धान्त नीट निवडा

गड्ड्याची यात्रा जवळ आली की सोलापुरात पावतीपुस्तकं दारोदार फिरू लागतात. तेव्हा खिशात हात घालण्याआधी आपल्याला कोणता तत्त्वज्ञ परवडतो, हे ठरवून टाका.

पीटर सिंगरला घरात घेऊ नका. १९७२ च्या निबंधात ते विचारतात, उथळ तळ्यात मूल बुडतंय, कपडे चिखलात माखतील म्हणून तुम्ही काठावर उभे राहाल का? सिद्धेश्वर तलावावर फिरायला येणारा कोणीही 'छे हो!' म्हणेल, आणि तिथंच अडकेल. कारण पुढं ते अंतराची सबब काढून घेतात, 'बाकीचे कुठं देतात?' हीसुद्धा. सुटायला एकच फट आहे: तितक्याच नैतिक मोलाचं काही गमवावं लागत नसेल, तरच द्यायचं. त्या फटीत मुलीच्या लग्नाचं बजेट बसवून बघा. लॉन लहान असलं तरी बसणार नाही.

रॉबर्ट नोझिक (पुस्तक १९७४ चं) गोड वाटतील. कमाईवरचा कर त्यांच्या लेखी वेठबिगारीच्या तोलाचा. फक्त मुळात मालमत्ता न्याय्य मार्गानं आलेली हवी, नाहीतर तेच भरपाई करायला सांगतात. जुनी खरेदीखतं कपाटातच राहू द्या.

थॉमस पोगे यांचं नाव तर जेवणावळीत काढूच नका. किती दिलंत यापेक्षा गरिबी टिकवणाऱ्या व्यवस्थेतून तुम्हाला किती मिळालं, हे ते आधी विचारतात. विडी कामगार बाईला तेंदूची पानं कमी द्यायची, वर तिनं वळलेल्या विड्यांतून छाट काढायची, म्हणजे काही विड्या खराब म्हणून बाजूला टाकायच्या, आणि दिवाळीला त्याच बाईला साडी वाटायची. हा हिशेब त्यांच्यासमोर मांडलात तर साडी जमेला धरली जाणार नाही.

बसवण्णांचा दासोह, म्हणजे सेवाभावानं वाटून देणं, आपल्या मातीतला, पण त्यात आधी कायक, म्हणजे स्वतःचे कष्ट. शिवाय देणाऱ्याचा तोरा चालत नाही. संगमरवरी पाटीचं काय करायचं मग?

राहता राहिले कांट. परोपकार हे कर्तव्य खरं, पण 'अपूर्ण': कुणाला, किती, केव्हा, यात तुम्हाला बरीच मोकळीक. मात्र श्रीमंताची देण्याची ऐपत बऱ्याचदा अन्यायातूनच आलेली असते, मग त्याच्या मदतीला परोपकार म्हणायचं का, असंही त्यांनीच विचारून ठेवलंय. ते पान चिकटवून टाका.

पावती मात्र घ्या. दोन हजारांवरची देणगी रोख दिली तर करसवलत नाही, आणि नव्या करप्रणालीत तर ती सवलतच नाही.

कबूल केलेली मजुरीवाढ मागायला विडी कामगार बाया आल्या, तर त्यांनाही कांटच ऐकवा: 'केव्हा' ते अजून ठरायचंय. कबूल केलेली मजुरी परोपकारात मोडत नाही, ते 'पूर्ण' कर्तव्य असतं, तिथं मोकळीक नसते. पण हे त्यांना कोण सांगायला बसलंय?