सी ड्राईव्ह ‘कॉम्प्रेस’ केल्याने जागा दुप्पट होत नाही

सोसायट्यांच्या आणि ऑफिसांच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज थोडक्यात असा: ‘सी ड्राईव्ह लाल झाला? राइट-क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये जा, ड्राईव्ह कॉम्प्रेस करण्याच्या चौकटीत टिक करा. जागा दुप्पट, कॉम्प्युटर सुसाट, धोका शून्य, एकदा केलं की कायमचं. आणि सगळ्या ईएक्सई फाइली यूपीएक्सने आवळून टाका.’ (ईएक्सई म्हणजे प्रोग्रॅमची फाइल, यूपीएक्स म्हणजे ती आवळणारं सॉफ्टवेअर.) यातलं थोडं खरं आहे, म्हणूनच उरलेलं खपून जातं.

‘जागा दुप्पट.’ डिस्क बहुतेक वेळा ज्या गोष्टींनी भरते, त्या आधीच आवळलेल्या असतात: जेपीजी फोटो, एमपीफोर व्हिडिओ, झिप. वर्डची डॉक्सएक्स आणि एक्सेलची एक्सएलएसएक्स या आतून झिपच असतात. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांच्या सीडीआर फाइलीही तशाच. यांच्यावर पुन्हा कॉम्प्रेशन चालवून जवळजवळ काहीच हाती लागत नाही. समजा १०० जीबी भरलेत आणि त्यातले ७० जीबी फोटो-व्हिडिओ आहेत. उरलेले ३० जीबी निम्म्यावर आले तरी सुटणार १५. दादर-गिरगावातल्या डीटीपीवाल्यांकडे न आवळलेल्या टिफ (छपाईच्या चित्रांच्या) फाइलींचे ढीग असतात, तिथे फरक दिसेल. पण तिथेही टिफ सेव्ह करतानाच एलझेडडब्ल्यू हे कॉम्प्रेशन निवडणं सरळ पडतं.

‘टिक करा.’ मेसेजचा खरा घोटाळा इथे आहे. विंडोजमध्ये कॉम्प्रेशनच्या दोन वेगळ्या सोयी आहेत. टिकवाली सोय १९९५ च्या विंडोज एनटी ३.५१ पासूनची. ती फाइलचे ६४ केबीचे तुकडे करून आवळते, आणि फाइल बदलली की तो तुकडा उलगडून, बदलून, पुन्हा आवळून लिहिते. दुसरी सोय २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर आली. तिला टिक नाही, ती कमांडनेच चालते. ती क्वचित बदलणाऱ्या फाइलींसाठी, म्हणजे इन्स्टॉल केलेल्या सॉफ्टवेअरसाठीच बनवलेली आहे आणि जास्त घट्ट आवळते. सॉफ्टवेअर आवळायचं असेल तर हीच वापरावी.

कृती अशी. ते सॉफ्टवेअर पूर्ण बंद करा. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि इंग्रजी अक्षरांत, याच क्रमाने टाइप करा: कॉम्पॅक्ट /सी /एस:फोल्डरचा पत्ता /ए /आय /ईएक्सई:एलझेडएक्स. पत्त्यात स्पेस असेल (‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये असतेच) तर पत्ता दुहेरी अवतरणात घाला, नाहीतर कमांड अर्ध्यावर अडते. /एस म्हणजे आतली सगळी फोल्डरं, /ए म्हणजे लपलेल्या फाइलीसुद्धा, /आय म्हणजे एखादी फाइल अडली तरी पुढे चला. एलझेडएक्स (आवळायची एक पद्धत) सर्वात घट्ट, पण आवळायला वेळ खातो आणि उलगडताना प्रोसेसरला जास्त कामाला लावतो. रोज उघडायचं सॉफ्टवेअर आणि जुना प्रोसेसर असेल, तर त्याजागी एक्सप्रेस१६के द्या; स्पेलिंगमध्ये सुरुवातीचा ई नाही. परत उलगडायचं तर /सी ऐवजी /यू आणि शेवटी नुसतं /ईएक्सई.

किती वाचलं ते फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये पाहा: ‘साइझ’ तेवढाच राहतो, ‘साइझ ऑन डिस्क’ उतरतो. निळ्या बाणांची खूण शोधू नका, ती टिकवाल्या फाइलींवरच येते. ‘विंडोज’ फोल्डरवर ही कमांड हाताने चालवू नका. त्यासाठी वेगळी आहे: कॉम्पॅक्ट /कॉम्पॅक्टओएस:ऑलवेज. आधी ऑलवेजच्या जागी क्वेरी घालून पाहा, काही मशीनवर विंडोजने ते आपणहून केलेलं असतं.

‘कॉम्प्युटर सुसाट.’ लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या जुन्या मशीनमध्ये फिरती हार्ड डिस्क आणि बरा प्रोसेसर असेल, तर एखादं सॉफ्टवेअर थोडं लवकर उघडू शकतं, कारण डिस्कवरून कमी वाचावं लागतं. एसएसडीवर तो फायदा जवळपास उरत नाही. आणि टिकवाल्या कॉम्प्रेशनमुळे सतत बदलणाऱ्या मोठ्या फाइलींचे तुकडे डिस्कभर विखुरतात, म्हणजे उलट मंद.

‘धोका शून्य.’ जुन्या बायोसच्या मशीनवर बूटमॅनेजर, म्हणजे विंडोज सुरू करून देणारी फाइल, कधी कधी सी ड्राईव्हवरच असतो. टिकने ती आवळली गेली की पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर ‘बूटमॅनेजर इज कॉम्प्रेस्ड’ एवढीच ओळ येते. मग विंडोजच्या पेनड्राईव्हवरून रिपेअरमध्ये जाऊन बीसीडीबूट कमांडने बूट फाइली पुन्हा लिहाव्या लागतात. तिथे सी ड्राईव्हचं अक्षर बदललेलं असू शकतं, आधी तपासा. दुसरा धोका डेटाबेसचा. लिहिता-वाचता येणारा एसक्यूएल सर्व्हरचा डेटाबेस कॉम्प्रेस केलेल्या ड्राईव्हवर ठेवायला मायक्रोसॉफ्टचाच नकार आहे. फोर्टातल्या सीए ऑफिसात टॅलीचं फोल्डर आणि आउटलुकची पीएसटी (मेल साठवणारी) फाइलही यातून वगळावी: दिवसभर लिहिलं जाणारं काहीही आवळायचं नाही.

‘कायमचं.’ नाही. कमांडने आवळलेल्या फाइलीत कोणी काही लिहायला गेलं की विंडोज ती आख्खी उलगडतं आणि तशीच ठेवतं. अपडेटबरोबर आलेल्या नव्या फाइलीही न आवळलेल्याच असतात; क्रोम तर दर आवृत्तीला नवं फोल्डर करतो. डिस्क काठोकाठ भरलेली असताना मोठं अपडेट आलं, तर फाइली उलगडायलाच जागा पुरत नाही आणि अपडेट मध्येच अडकतं. म्हणून वाचलेली जागा लगेच भरू नका.

यूपीएक्सबद्दल फार बोलायला नको. ईएक्सई त्याने आवळली की कंपनीची डिजिटल सही मोडते आणि अँटिव्हायरस तिच्यावर संशय घेतो, कारण व्हायरसवालेही हेच करतात. आपण बनवलेल्या प्रोग्रॅमला वापरायचं असेल तर वापरा, दुसऱ्याच्या नाही.

कॉम्प्रेशनला हात घालण्याआधी डिस्क क्लीनअपमधलं ‘क्लीन अप सिस्टीम फाइल्स’ चालवा. मोठ्या अपडेटनंतर उरलेलं जुनं विंडोज तिथेच सापडतं. हायबरनेशनची फाइल (मशीन बंद होताना चालू काम जिथे साठतं ती) विंडोज १० मध्ये साधारण रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे ८ जीबी रॅमला ३ जीबीच्या वर. पॉवरसीएफजी /एच ऑफ या कमांडने ती जाते, पण हायबरनेट आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही बंद होतात. मात्र ‘विंडोज’मधलं ‘इन्स्टॉलर’ नावाचं लपलेलं फोल्डर कितीही फुगलेलं दिसलं तरी डिलीट करू नका. त्यातल्या फाइली गेल्या की ते सॉफ्टवेअर ना अपडेट होतं, ना काढता येतं.