'इंग्रजीत अनेकवचनाला नियमच नाही' म्हणे!

हा मेसेज परत फिरायला लागलाय. इंग्रजीत अनेकवचनाला काही नियमच नाही, फूटचं फीट होतं मग बुकचं बीक का नाही, आपल्या भाषेत बघा सगळं कसं शिस्तीत, आणि खाली पाठ करायला शंभरेक शब्दांची यादी. मी लक्षच दिलं नसतं, पण काल भाचीनं ती अख्खी यादी वहीत उतरवून आणली, "मावशी, हे सगळं पाठ करायचंय" म्हणाली, तोंड एवढंसं झालेलं.

नियम आहे हो! १९५८ मध्ये जीन बर्को या संशोधिकेनं ४ ते ७ वर्षांच्या मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, सांगितलं हा 'वग'. मग दोन दाखवून विचारलं, आता हे दोन काय? बहुतेक मुलं म्हणाली, 'वग्झ'. हा शब्द त्या मुलांनी कधी ऐकलेलाच नव्हता, तिनं स्वतः बनवला होता, मग पाठ कुठून केला असेल? आणि शेवटी 'झ'च का, 'स' का नाही? गळ्यावर बोट ठेवून 'डॉग' म्हणा, शेवटच्या 'ग'ला थरथर लागते, तीच पुढे जाते म्हणून डॉग्झ. 'कॅट'च्या 'ट'ला थरथर नाही, म्हणून कॅट्स. बसचं बसेस, कारण दोन 'स' लागोपाठ तोंडातून निघत नाहीत. एवढंच आहे, भाचीला पाच मिनिटांत कळलं.

आता ते फूट-फीट. फार पूर्वी या शब्दांच्या अनेकवचनाला शेवटी 'इ'चा प्रत्यय होता, त्या 'इ'नं आधीचा स्वर ओढून बदलला, मग प्रत्यय गळाला आणि बदललेला स्वर तेवढा राहिला. टूथ-टीथ, मॅन-मेन, माउस-माइस सगळे याच घरातले. आणि बुकची चेष्टा करणाऱ्यांनो, जुन्या इंग्रजीत बुकचं अनेकवचन खरंच 'बेच' होतं, स्वर बदलूनच! नंतर तो शब्द एसवाल्यांत गेला. चाइल्डचं तर आधी 'चिल्डर' झालं, तेच अनेकवचन, त्यावर परत 'एन' चढला. भाचीनं वहीत 'चिल्ड्रन्स' लिहिलेलं, म्हणजे तिसरा प्रत्यय.

नाइफचं नाइव्ह्ज पण रूफचं रूफ्स, हे मात्र पाठच करावं लागतं, मान्य. ऑक्सेन पण. पण मराठीत तरी काय, भिंतीच्या भिंती आणि विटेच्या विटा, दगडाचं अनेकवचन परत दगडच. यात कसली आलीय शिस्त?

'ऑक्टोपसचं अनेकवचन ऑक्टोपाय हेच बरोबर' हेही चूक, शब्द मुळात ग्रीक आहे, 'आय' हा लॅटिनचा प्रत्यय. सरळ ऑक्टोपसेस म्हणा.

वहीतली निम्मी यादी आम्ही कालच खोडली, उरलेले शब्द घरांनुसार लावून टाकले. आणि ज्यांना हे पुढे ढकलायचंच आहे त्यांनी निदान त्यातलं 'इन्फॉर्मेशन्स' तरी काढा, इन्फॉर्मेशनला एस लागत नाही.