कोपरा कुणाचा? निनावी यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

निनावी महोदय,

(‘वीस वर्षं शूटर खेळतोय’ असं लिहिलंत, म्हणून महोदय. मराठीत क्रियापद लिहिलं की माणूस पुरता निनावी राहत नाही. हा मुद्दा पुढे लागणार आहे.)

उत्तराला तीन दिवस लागले, कारण पहिल्या रात्री जे लिहिलं ते सकाळी मलाच वाचवेना. आता शांत डोक्याने लिहितेय.

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की शूटर, म्हणजे गोळीबाराच्या व्हिडिओ गेममधला, पात्राच्या पाठीमागचा कॅमेरा, म्हणजे टीपीपी (थर्ड पर्सन पर्स्पेक्टिव्ह), हा पात्राच्या डोळ्यांतल्या कॅमेऱ्यापेक्षा, म्हणजे एफपीपीपेक्षा (फर्स्ट पर्सन पर्स्पेक्टिव्ह), कमी दर्जाचा नाही. तुमचं म्हणणं असं: खरा शूटर डोळ्यांतूनच खेळायचा, बाकी सगळं कळसूत्री बाहुली नाचवणं. टीपीपीत भिंतीआडून फुकट दिसतं, ती चोरी. भीती एफपीपीतच वाटते, रेझिडेंट ईव्हिल ७ हा भीतीचा गेम बघा. एफपीपीने डोळे फिरतात ही सबब. मी हे सगळं मोबाइलवरच्या पोरांना खूश करायला लिहिलं. आणि खांद्यावरचा कॅमेरा रेझिडेंट ईव्हिल ४ ने शोधला हे विधान धादांत चूक.

शेवटून सुरुवात करते, कारण तिथे वाद घालायला जागाच नाही. तुमचं बरोबर, माझं चूक. रेझिडेंट ईव्हिल ४ आला जानेवारी २००५ मध्ये. त्याआधी २००२ च्या स्प्लिंटर सेलमध्ये बंदूक काढली की कॅमेरा खांद्याशी येत होता, आणि त्याच्याही आधी १९९९ मध्ये निन्टेंडो ६४ वरच्या विनबॅकमध्ये आडोशाला टेकून नेम धरता येत होता. रेझिडेंट ईव्हिल ४ ने शोध लावला नाही, सगळ्यांना सवय लावली. मूळ लेखातलं वाक्य बदललंय.

आता चोरी. यातही अर्धं मान्य, पण उरलेलं अर्धं तुम्हाला आवडणार नाही.

टीपीपीचा कॅमेरा डोक्याच्या थोडा मागे, थोडा वर आणि बहुतेक वेळा उजव्या खांद्याकडे टांगलेला असतो. भिंतीच्या कडेला चिकटून उभं राहिलं की शरीर भिंतीआड आणि कॅमेरा कडेच्या बाहेर. पलीकडून येणारा तुम्हाला नखशिखांत दिसतो, त्याला तुमचा केसही दिसत नाही. पबजी हा ऑनलाइन शूटर मार्च २०१७ मध्ये आला आणि त्याच वर्षी त्यात फक्त एफपीपीचे वेगळे सर्व्हर काढावे लागले, ते याच तक्रारीमुळे. २०१८ साली बर्लिनला पबजीची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा दोन्ही प्रकार ठेवले होते: टीपीपी कोरियाच्या जेन.जी संघाने जिंकली, एफपीपी चीनच्या ओएमजीने. पुढे कित्येक वर्षं पबजीच्या संगणकावरच्या मोठ्या स्पर्धा एफपीपीवरच झाल्या. म्हणजे खेळणाऱ्यांनी आणि भरवणाऱ्यांनी निकाल तुमच्या बाजूने दिलाय. स्पर्धा वेगळी काढून लिहायला हवं होतं, ते मी केलं नाही.

पण चोरी हा शब्द मात्र मागे घ्या. चोरी म्हणजे एकाकडे आहे आणि दुसऱ्याकडे नाही. इथे कॅमेरा दोघांनाही सारखाच मिळालेला असतो. फक्त त्याचा फायदा जो बसून राहतो त्याला होतो, आणि जो चालत येतो त्याला भुर्दंड. लपंडावात ज्याच्यावर राज्य आलंय त्याने शोधत फिरायचं आणि लपलेल्यांना भिंती पारदर्शक, असा तो प्रकार. खेळ मंदावतो, जो तो आपापली खोली धरून बसतो. कंटाळवाणं आहे, पण चोरी नाही. त्यातही कॅमेरा उजव्या खांद्यावर असल्याने डावा कोपरा आणि उजवा कोपरा सारखे नसतात. उजव्या कडेने डोकावणाऱ्याचं अंग कमी उघडं पडतं. फोर्टनाइट या भिंती बांधत खेळायच्या टीपीपी शूटरमध्ये मन लावून खेळणारी पोरं भिंत बांधतानाच हा हिशोब करून बांधतात.

आता तुमच्या एफपीपीचा कोपरा बघू. तुम्ही काउंटर-स्ट्राइक या एफपीपी शूटरवाले, म्हणून तोच घेते. इंटरनेटवर खेळताना कोपरा धरून बसलेल्या माणसाला समोरून वळून येणारा थोडा उशिरा दिसतो, कारण त्याची हालचाल आधी सर्व्हरला आणि मग तुमच्यापर्यंत पोचायची असते. वळणाऱ्याला मात्र तुम्ही त्याच्या पडद्यावर लगेच दिसता, कारण तुम्ही हललेलेच नसता. तेवढ्या अर्ध्या निमिषात हेडशॉट, म्हणजे डोक्यात गोळी, बसतो. हा फायदा सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यावर सरावही केला जातो. म्हणजे टीपीपीत कोपरा बसणाऱ्याचा, एफपीपीत येणाऱ्याचा. फुकट दोन्हीकडे आहे, खिसा तेवढा बदलतो.

आणि ‘खरा’ शूटर म्हणालात म्हणून आणखी एक. काउंटर-स्ट्राइकमध्ये गोळी बंदुकीच्या नळीतून निघत नाही. ती डोळ्यांतून निघते, जिथे कॅमेरा आहे नेमकी त्या बिंदूतून. पडद्यावर उजवीकडे दिसणारी एके-४७ ही देखावा आहे, देव्हाऱ्यातल्या चांदीच्या पादुकांसारखी. कितीतरी एफपीपी गेममध्ये हीच सोय आहे आणि तिचा उपयोग करून खेळाडू खोक्यामागून नुसतं कपाळ वर काढून गोळ्या झाडतात. खऱ्या आयुष्यात ती नळी खोक्यातच रुतलेली असती. टीपीपीत असं करून चालत नाही, कारण कॅमेरा एकीकडे आणि बंदूक दुसरीकडे, हे लपवता येत नाही. मग गेम दोन रेघा मारतो: पहिली कॅमेऱ्यापासून क्रॉसहेअरमधून, म्हणजे पडद्यावरच्या नेमाच्या खुणेतून, निशाणापर्यंत, दुसरी नळीपासून त्याच निशाणापर्यंत. दुसऱ्या रेघेत खांब आडवा आला तर गोळी खांबात, आणि काही गेममध्ये तिथे लाल फुलीही दिसते. क्रॉसहेअर शत्रूच्या छातीवर आणि गोळी खांबात, याचा संताप मीही केलाय. पण दोघांत बंदूक खरी कुणाची, ते तुम्हीच सांगा.

आता बाहुलीचं.

आमच्या नाशिकच्या घरी एकच संगणक होता आणि खेळणारे आम्ही दोघं, मी आणि दादा. दादा टूम रेडर खेळायचा. लारा क्रॉफ्ट कड्यावरून पडली की तो ओरडायचा, “पडलो!” ‘पडली’ एकदाही नाही. मी मॅक्स पेन खेळायचे. दोन्ही टीपीपी. तो लेदर जॅकेटातला न्यूयॉर्कचा पोलीस आणि मी, “मेले, मेले, दादा मेले!” आईला स्वयंपाकघरातून नुसतं ऐकून कळायचं की संगणकावर कोण बसलंय, पडद्यावर बाई आहे की बुवा याचा त्या क्रियापदाशी काही संबंध नव्हता. इंग्रजीत हे कळत नाही, तिथे ‘मी मेलो’ आणि ‘मी मेले’ एकच. मराठीत लगेच पकडलं जातं. शाळेच्या व्याकरणात ‘मी’ प्रथमपुरुष आणि ‘तो, ती’ तृतीयपुरुष. कॅमेऱ्यांची नावं व्याकरणातून उचलली खरी, पण खेळणाऱ्यांनी व्याकरण पाळलं नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत कळसूत्री बाहुल्या नाचवणारा कलाकार रावण पडला की ‘पडलो’ म्हणत नाही. बाहुली आणि टीपीपी यांत एवढा फरक आहे, आणि तो पुरेसा आहे.

एक कबुली इथेच देते, नाहीतर तुम्हीच काढाल. गोळीबार थांबून मधलं दृश्य सुरू झालं आणि मॅक्स तोंड वाकडं करून बोलू लागला की आम्हीही ‘आता हा काय म्हणतोय’ असंच म्हणायचो. तो पुन्हा ‘तो’ व्हायचा. हातात माउस असेपर्यंतच ‘मी’.

आणि तुम्ही प्रोजेक्ट आयजीआय खेळला असणारच. सन २००० चा गेम, मोहिमेच्या मध्ये सेव्ह करायची सोय नाही, आपल्याकडे कॅफेत आणि घरोघरी जुन्या संगणकांवर तो होताच. अस्सल एफपीपी. आता आठवा: शिडी चढताना काय व्हायचं? कॅमेरा गपकन बाहेर यायचा आणि नायक डेव्हिड जोन्स पाठमोरा शिडी चढताना दिसायचा. तारेवरून घसरताना तेच. २००१ च्या हेलोमध्ये जीप चालवायला बसलं की कॅमेरा मागे. २००६ च्या रेनबो सिक्स व्हेगसमध्ये भिंतीला पाठ लावली की कॅमेरा मागे. शरीराला शरीराचं काम आलं की एफपीपी गेम स्वतःच अंगातून बाहेर पडतात. कारण सरळ आहे. आपल्याला आपले पाय बघावे लागत नाहीत, ते कुठे आहेत हे आतून कळतं. पडद्यावरच्या देहाचे पाय आतून कळत नाहीत, म्हणून दाखवावे लागतात.

नजरेचंही तसंच. माणसाला दोन्ही डोळ्यांनी आडवं जवळपास १८० अंश दिसतं, कडेचं धूसर का होईना. काउंटर-स्ट्राइकचा मूळ कोन ९० अंशांचा. म्हणजे टांग्याच्या घोड्याची झापडं लावून लढाईला जायचं आणि त्याला खरं म्हणायचं. कन्सोलचे गेम टीव्हीपासून लांब बसून खेळायचे म्हणून त्यांचा कोन आणखी अरुंद ठेवला जाई, आणि तोच गेम जसाच्या तसा संगणकावर आला, नाकासमोर वीतभर अंतरावर, की माझ्या पोटात ढवळायला लागायचं. ही सबब नाही. डोळे म्हणतात धावतोय, कानातला तोल म्हणतो खुर्चीत बसलोय, दोघांचं पटत नाही. कसारा घाटात एसटीत पुस्तक वाचलं की होतं तेच, फक्त उलट्या बाजूने. तिथे कान म्हणतो वळलो, डोळे म्हणतात अक्षरं जागच्या जागी आहेत. ड्रायव्हरला काही होत नाही कारण पुढचं वळण त्याला आधीच माहीत असतं. म्हणूनच दादा तासन्‌तास हाफ-लाइफ हा एफपीपी गेम खेळायचा आणि शेजारी बसून बघणारी मी लिंबू शोधत फिरायचे. टीपीपीत पडद्याच्या मध्यावर एक स्थिर पाठ असते. नजर तिथे टेकली की माझं पोट शांत राहतं.

भीतीबद्दल फार वाद घालत नाही. २०१७ च्या रेझिडेंट ईव्हिल ७ मधलं ते घर, त्या अरुंद खोल्या, तिथे एफपीपीच हवं होतं हे मान्य. पण त्याच मालिकेतला दुसरा भाग २०१९ मध्ये नव्याने बनवला तेव्हा कॅमेरा परत खांद्यावर आणला आणि घाम तेवढाच फुटला. आणि डेड स्पेस विसरू नका, २००८ चा. त्यात पडद्यावर आकडे, पट्ट्या काही नाहीत. नायक आयझॅक क्लार्कचा जीव किती उरलाय हे त्याच्या सूटच्या पाठीच्या कण्यावरच्या उजेडाच्या पट्टीवर दिसतं, गोळ्या किती उरल्यात ते बंदुकीवर. त्याची पाठ हीच तुमची पाटी. तो उजेड कमी होत जाताना बघणं, आणि अंधारात त्याच्या पाठीमागून काही आलं तर आधी आपल्याला लागेल असं उगाच वाटणं, हे एफपीपीत कसं करणार? (अवांतर: रेझिडेंट ईव्हिल व्हिलेजला २०२२ मध्ये टीपीपीची सोय जोडली, पण नायकाचा चेहरा दाखवायचा नव्हता. म्हणून कॅमेरा समोर आणायला जा, ईथन पाठ फिरवतो. उधारी थकलेल्या वाण्याच्या दुकानासमोरून माणूस जातो, अगदी तसा.)

राहिला मोबाइलच्या पोरांना खूश करण्याचा आरोप. मी नाही, पण कंपन्यांना टीपीपी आवडतं यात पैसा आहे हा तुमचा वास बरोबर आहे. फुकट मिळणारे गेम कपड्यांवर कमावतात. बीजीएमआय (पबजीचा भारतातला मोबाइल अवतार) असो की फोर्टनाइट, हजारभर रुपयांचा झगा घेतला तर तो स्वतःला दिसायला हवा, आणि एफपीपीत स्वतःचा झगा दिसत नाही. पण एफपीपीला साधू समजू नका. काउंटर-स्ट्राइकने २०१३ पासून बंदुकांचे रंग विकायला काढले, व्हॅलोरंट हा दुसरा एफपीपी शूटरही तेच विकतो. तिथे डोळ्यांसमोर बंदूक असते म्हणून बंदूक नटते, इथे पाठ असते म्हणून पाठ नटते. बीजीएमआयच्या मोठ्या स्पर्धाही टीपीपीतच होतात, त्यामागे मला लहान पडदा आणि दोन अंगठे जास्त दिसतात. पाच-सहा इंचांत एफपीपी खेळून बघा, स्वतःचाच अंगठा निम्मं मैदान झाकतो.

प्रतिक्रिया ठेवलीय, काढलेली नाही. तिखट शब्दांसकट.

काल फोनवर दादाला ती वाचून दाखवली. तो पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे, ‘एफपीपीच खरा’ वगैरे. मग मी त्याला लाराचं विचारलं, कड्यावरून पडल्यावर काय ओरडायचास आठवतंय का. तो म्हणाला, “मी कधी पडलोच नाही.”