गावातलं जुनं थिएटर कसं निकालात काढावं

तुमच्या गावच्या बाजारपेठेत जांभ्याच्या भिंतींचं जुनं थिएटर असेल, तर एक पथ्य पाळा: पाडायचं नाही. पाडलं की पेपरात फोटो येतो आणि गणपतीला आलेले चाकरमानी चतुर्थीपासून विसर्जनापर्यंत हळहळतात. त्यापेक्षा ते 'वापरात' आणा.

सुरुवात छपरापासून. मंगळूरला मिशनऱ्यांनी १८६५ मध्ये कारखाना काढला, तेव्हापासून कोकणाच्या डोक्यावर आलेली ही कौलं. पावसाआधी दरसाल परतून घ्यावी लागतात. घेऊ नका. उरलेलं काम वारा करतो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्तेने केलंच की. मग हुश्श करून पत्रे टाका. पत्र्यावर आषाढातला पाऊस कोसळू लागला की पाहुण्यांचं भाषण दुसऱ्या रांगेतही ऐकू येत नाही. पैसे वसूल.

जांभ्याला सिमेंटचा गिलावा करून वर ऑइलपेंट मारा. आत शिरलेलं पाणी बाहेर पडायची वाट शोधतं आणि पोपडे लग्नाच्या पंगतीत पडतात. तोवर तुमची समिती बदललेली असते.

इतिहासाचा फलक लावाच, पण त्यावर इतिहास नको. इथे आधी संगीत नाटकं व्हायची, १९३२ साली मराठी चित्रपट बोलू लागला आणि नाटक कंपन्या आटत गेल्या, मग रंगमंचावर पडदा आला, हे कोण वाचणार? 'ऐतिहासिक वास्तू' एवढं पुरे. खाली देणगीदारांची नावं मात्र सविस्तर.

दशावतारवाल्यांनी तारीख मागितली तर लग्नसराई आहे म्हणून सांगा. लग्नसराई नसेल तरी सांगा. देवळासमोर एका बाकड्यावर ते रात्रभर अख्खं इंद्राचं राज्य उभं करतात, त्यांना थिएटर कशाला?

राहता राहिली प्रोजेक्टरची केबिन. तिचं काय करावं हे अजून कुणाला सुचलेलं नाही, म्हणून ती शाबूत आहे. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपायचं, म्हणून मशिनं दोन आणि भिंतीला चौकोनी भोकं चार: प्रत्येक मशीनमागे एक झोताला, एक ऑपरेटरच्या डोळ्याला. आमच्याकडे त्यातल्या एकातून एसीचा पाइप गेलाय, एकातून डीजेची वायर, तिसऱ्यात चिमणीचा संसार आहे. चौथ्याला डोळा लावून केटररचा पोऱ्या उभा असतो. अक्षता पडल्या की खाली ओरडतो, "पानं मांडा रे!"