गोटी जमिनीवरच राहू द्या

गेल्या चैत्रातल्या यात्रेत आमच्या गावी एका पोराच्या पायावर मारुतीपुढची गोटी, म्हणजे ताकद आजमावायला ठेवलेला गोल दगड, पडली. पावलाची दोन हाडं मोडली. पोरगं आता चालतंय, पण तेव्हापासून गावाच्या ग्रुपवर वाद थांबलेला नाही. एक बाजू म्हणते, गोटी कट्ट्यावर चढवा, सिमेंटात बसवा, भोवती स्टीलचं रेलिंग करा, शेंदूर लावा आणि नमस्कारापुरती ठेवा. दुसरी बाजू म्हणते, सात मणांची गोटी आहे, वाडवडिलांनी खांद्यावर घेतलेली. ज्याच्या अंगात दम असेल त्यानं उचलावी, नसेल त्यानं लांब उभं राहावं. माझं मत दोन्ही बाजूंना रुचणारं नाही. ग्रुपवर चार ओळींत ते नीट मांडता येईना, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी अकरा वर्षं स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनला राहतो. समुद्रातल्या तेलाच्या फलाटांवर वजनं उचलायला ज्या साखळ्या, शॅकल (जोडकड्या) आणि पट्टे लागतात ते तपासणं हे माझं काम. इथल्या कायद्यानं अशा प्रत्येक वस्तूची दर सहा महिन्यांनी तपासणी होते आणि ती किती वजन पेलते याचा आकडा तिच्यावर असावाच लागतो. आकडा पुसला गेला असेल, तर साखळी कितीही चांगली दिसली तरी मी ती बाजूला काढतो. गोटीचा विचारही मी याच सवयीनं करतो.

ॲबरडीनपासून गाडीनं तासाभराच्या आत, डी नदीवर पोटार्क नावाचा दगडी पूल आहे. पुलाजवळ लोखंडी कड्या बसवलेले दोन धोंडे आहेत. पूर्वी पुलाच्या डागडुजीच्या वेळी परांचीला तोल म्हणून ते टांगत, कड्या त्यासाठीच. धाकट्याचं वजन १४४.५ किलो, थोरल्याचं १८८ किलो. १८६० साली डोनाल्ड डिनी नावाच्या तेवीस वर्षांच्या गड्यानं एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरा असे दोन्ही धोंडे धरून पूल रुंदीत ओलांडला, अशी ख्याती आहे. हे अंतर सतरा फूट दीड इंच. डिनीचे वडील गवंडी होते. पोरगा पुढे कुस्त्या, हातोडाफेक, गोळाफेक करत अमेरिका, ऑस्ट्रेलियापर्यंत जाऊन आला आणि त्या काळातला सगळ्यात नावाजलेला खेळाडू ठरला.

पुढे हे धोंडे विस्मरणात गेले. १९५३ साली डेव्हिड वेबस्टर या स्कॉटिश अभ्यासकानं ते शोधून काढले. त्यांचं वजन झालं आणि कोणी, कधी, कसे उचलले याच्या नोंदी होऊ लागल्या. १९७३ साली जॅक शँक्स या आयरिश गड्यानं मनगटाला पट्टे न बांधता, नुसत्या पंजाच्या पकडीवर ते नेऊन दाखवले. डिनीनंतर शंभराहून जास्त वर्षांनी. १९७९ साली जॅन टॉड या अमेरिकन बाईंनी ते उचलले. पट्ट्यांनी उचललं की नुसत्या हातांनी, जागेवर उचललं की चालत नेलं, याची नोंद वेगवेगळी होते.

मी तिथे तीन वेळा गेलोय. पहिल्या खेपेला नुसतं पाहिलं. एक बाई धोंडे पायांमध्ये घेऊन उभ्या राहिल्या, एक पाय पुढे, एक मागे. थोरला धोंडा पुढच्या हातात, धाकटा मागच्या. कडीत चारच बोटं मावतात. त्यांनी श्वास रोखला, पुढचा धोंडा तसूभर वर आला, मागचा मात्र जागचा हलला नाही. कडी सोडल्यावर त्यांच्या बोटांवर पांढऱ्या खडूच्या खाली लाल वळ उठलेले मला हातभरावरून दिसले. त्या उभ्या राहिल्या, पाणी प्यायल्या आणि शेजारच्या माणसाशी पुढच्या खेपेची तारीख ठरवू लागल्या. त्यांना कोणी हसलं नाही, कोणी अडवलंही नाही. मी स्वतः दुसऱ्या खेपेला धाकटा धोंडा दोन्ही हातांनी धरला. तो एका कडेनं उठला आणि खाली बसला. रात्रभर मनगटं ठणकत होती.

आपल्या ग्रुपवर मी हे सांगितलं तेव्हा पहिला प्रतिसाद आला, "दादा, तिकडचं कौतुक पुरे. आपले मुद्गलच गोऱ्यांनी नेले." ते खरंच आहे. इंग्रजी फौजेनं हिंदुस्थानात मुद्गल, म्हणजे व्यायामाला फिरवायचे लाकडी गदे, पाहिले, उचलले, आणि एकोणिसाव्या शतकात ते इंडियन क्लब या नावानं युरोप-अमेरिकेत पसरले. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये ते फिरवण्याची स्पर्धासुद्धा झाली. पण हा अभिमान आपल्या प्रश्नाला उत्तर देत नाही. आपला प्रश्न एवढाच आहे की पोराचा पाय का मोडला.

माझ्या मते तो गोटीमुळे मोडला नाही. बाकीच्या दोन गोट्या नाहीशा झाल्या म्हणून मोडला.

माझ्या लहानपणी मारुतीपुढे तीन गोट्या होत्या. धाकटी आम्ही शाळकरी पोरं मांडीपर्यंत आणायचो. मधली ज्यानं खांद्यावर घेतली त्यालाच वस्ताद तात्या मोठीकडे फिरकू द्यायचे. तालमीत करेल्यांच्याही, म्हणजे फिरवायच्या जड मुद्गलांच्याही, अशाच चढत्या जोड्या भिंतीला लावलेल्या असत, आणि कुठल्या पोरानं कुठली जोडी घ्यायची हे तात्यांच्या नजरेवर ठरे. कोणी मधली जोडी चुकवून मोठीला हात घातला तर तात्या नुसतं नाव घेत, तेवढ्यानं तो हात मागे घेई. पुढे देवळाचा जीर्णोद्धार झाला. धाकटी आणि मधली गोटी देवळाच्या पायाभरणीत गेली असं म्हणतात. तालीम पडली, तिथे व्यायामशाळा झाली, तात्या गेले. उरली फक्त मोठी. आता यात्रेला आलेलं पोर, ज्यानं आयुष्यात गोल दगडाला मिठी मारलेली नाही, ते फोनवर व्हिडिओ लावून थेट मोठीला भिडतं. पाय मोडेल नाही तर काय होईल?

गोल दगड उचलणं ही बारबेल उचलण्यापेक्षा वेगळी विद्या आहे. बारबेलला दांडा असतो, गोटीला काहीच नाही. बोटं तिच्या पोटाखाली घालायची, पाठ पोक काढूनच तिला मांडीवर घ्यायची, मांडीवर दम घ्यायचा, तळहात फिरवून पकड बदलायची, मग छातीशी कवटाळून उभं राहायचं आणि शेवटी खांद्यावर लोटायची. टाकतानाही पुढे टाकायची नसते, खांद्यावरून मागे सोडायची असते, आणि मागे माणूस नाही हे आधी पाहायचं असतं. गेल्या वर्षी त्या पोराच्या हातून ती मांडीवरच घसरली आणि पाय खालीच होते. हे सगळं धाकट्या गोटीवर शिकता येतं, चूक झाली तरी इजा कमी होते.

दोन वर्षांपूर्वी मी आइसलंडला गेलो होतो. तिथे जुपालोन्ससांदुर नावाच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर चार दगड ठेवलेले आहेत. २३ किलो, ५४ किलो, १०० किलो आणि १५४ किलो. प्रत्येकाला नाव आहे. सगळ्यात हलक्याच्या नावाचा अर्थ नेभळट, सगळ्यात जडाच्या नावाचा अर्थ पूर्ण बळाचा. पूर्वी मासेमारीच्या होडीवर घ्यायचं तर गड्यानं निदान ५४ चा दगड कंबरेइतक्या कड्यावर ठेवून दाखवायचा. वल्ही मारायला कोण लायक हे त्यावरून ठरे. मी १०० पर्यंत गेलो आणि थांबलो. चौघे दगड शेजारी शेजारी होते म्हणूनच कुठे थांबायचं ते मला कळलं. आपल्या तीन गोट्याही याच कामाच्या होत्या. कड्यावरचा २३ किलोचा दगड पाहिला तेव्हा मला आमची धाकटी गोटी आठवली आणि पायाभरणीत आमच्या गोट्या घातल्याचा फार राग आला.

आता वजनाची गोष्ट, जिच्यावरून माझ्यावर सगळे चिडले आहेत. सात मण म्हणजे अडीचशे किलोंच्या वर. मला ते खरं वाटेना. दिवाळीत मी चुलतभावाला सांगितलं, आडत्याचा टांगता काटा आण, गॅरेजमधली चेन पुली आण, गोटी दोरखंडाच्या जाळीत घे आणि तोल. त्यानं तसं केलं, व्हिडिओ पाठवला. काट्यावर ९४ आलं. त्यानं काटा तपासून पुन्हा तोलली, पुन्हा ९४. ग्रुपवर लगेच सूर उमटला की परदेशात बसून गावाची अब्रू काढली, आजोबांना खोटं पाडलं.

आजोबांना मी खोटं पाडलेलं नाही. माझ्या आजोबांनीही ती गोटी खांद्यावर घेतलेली आहे आणि मला त्याचा अभिमान काट्यानंतर जास्त वाटतो. ९४ किलोचा गुळगुळीत, ना कडी ना खाच असलेला गोळा खांद्यावर घेणं म्हणजे काय, हे ज्यानं प्रयत्न केलाय त्याला विचारा. टॉमस इंच नावाचा एक इंग्रज बलवान होऊन गेला. त्याच्या डंबेलचं वजन जेमतेम ७८ किलो. पण मूठ इतकी जाड, जवळजवळ अडीच इंच, की त्याच्या दुपटीनं वजन उचलणारे नामांकित पैलवान ते एका हातानं जमिनीवरून हलवू शकले नाहीत. वजनाचा आकडा सगळं सांगत नाही. पण आकडाच खोटा असेल तर बाकीचं कोणी ऐकतच नाही.

गामा पैलवानाचं तसंच झालं आहे. बडोद्याच्या सयाजीबागेतल्या संग्रहालयात गामांनी १९०२ साली उचललेला म्हणून एक दगड आहे, आणि त्याचं वजन १२०० किलो सांगतात. दोन्ही हातांनी दांडा धरून जमिनीवरून उचलण्याचा आजचा जागतिक विक्रम पाचशे किलोंच्या थोडा पुढे आहे, तोही मनगटाला पट्टे बांधून, सरळ दांड्यावर. १२०० चा दगड माणसानं छातीशी घेऊन उचलला हे मला मान्य करता येत नाही. आणि गामांना त्याची गरजही नाही. १९१० साली लंडनमध्ये त्यांनी अमेरिकन पैलवान डॉ. रोलरला चीत केलं, १० सप्टेंबरला पोलिश पैलवान झ्बिश्को अडीच तासांहून जास्त वेळ मुख्यतः पोटावर पडून राहिला, आणि १७ तारखेच्या दुसऱ्या लढतीला तो आलाच नाही. विजेत्याचा पट्टा गामांना मिळाला. हे त्या वेळच्या वर्तमानपत्रांत छापून आलेलं आहे. इथले लोक १२०० चा आकडा ऐकतात आणि लंडनचा गामाही त्यांना दंतकथा वाटू लागतो. माझ्या एका स्कॉटिश सहकाऱ्याशी मी यावर तासभर बोललो आणि मला लंडनपासून सुरुवात करावी लागली तेव्हा कुठे त्यानं ऐकलं.

मोजणं ही काही फक्त गोऱ्यांची रीत नाही. जेजुरीचा मर्दानी दसरा बघा. खंडोबाचा खंडा, म्हणजे तलवार, ४२ किलोंचा, हे ज्याला त्याला ठाऊक आहे. तो एका हातानं तोलून धरायची स्पर्धा होते, कोणी दातांनी उचलून दाखवतो, वेळ मोजली जाते, शेकडो लोकांसमोर. खंडा देवाचा आहे, त्याची पूजा होते, आणि तरी तो गड्यांच्या हातात दिला जातो. गोटी देवापुढची आहे म्हणून तिला हात लावायचा नाही, असं म्हणणाऱ्यांनी जेजुरीला एकदा जाऊन यावं. बडोद्यात मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले, त्यात करेला, नाल, मल्लखांब अशा साधनांची कृतीसह माहिती आहे. हे सगळं लिहून ठेवणारी माणसं आपल्यातच होती.

तालीम बरी की जिम, माती की मॅट, हा वाद मी इथे घेत नाही. खाशाबा जाधव मातीत वाढले आणि १९५२ साली हेलसिंकीला मॅटवर कांस्य जिंकून आले, माझ्यासाठी तेवढं पुरे आहे.

मग गोटीचं काय करायचं? मला वाटतं ती मारुतीपुढेच, जमिनीवर, भुसभुशीत लाल मातीच्या चौकोनात असावी. चौकोन सहा-सात फुटांचा, आत हातभर खोल माती, म्हणजे पडली तरी पाय मातीत रुततो, चेंगरण्याचा धोका कमी होतो. शेजारी दोन लहान गोट्या परत ठेवाव्यात. जुन्या निघणार नाहीत, पण ओढ्याच्या काठाला तशी काळी दगडं कमी नाहीत. घासून घेता येतील, साधारण ४० किलोंची एक, ६५ ची एक. तिघींचं वजन पाटीवर लिहावं. मधली दोन वेळा खांद्यावर घेतल्याशिवाय मोठीला हात नाही, हा तात्यांचाच नियम पाटीवर लिहावा. आणि एक वही देवळात ठेवावी, ज्यात नाव, तारीख, कुठपर्यंत उचलली हे लिहायचं; मांडीपर्यंत, छातीपर्यंत, खांद्यापर्यंत. पोरींचीही नावं त्यात यावीत. पोटार्कला बाई उचलतात तर आमच्या गावातल्या कबड्डीच्या पोरींनी रेलिंगच्या बाहेर का थांबायचं?

खर्चाचं मी बघतो. रेलिंगला जे पैसे गोळा झालेत त्याच्या पाव हिश्श्यात हे होईल, आणि उरलेले पाय मोडलेल्या पोराच्या दवाखान्याला द्यावेत, त्याच्या घरच्यांनी उसने घेतलेत असं कळलं.

काल चुलतभावानं फोटो पाठवला. कट्ट्यासाठी विटा आणून टाकल्यात, गोटीच्या भोवती चुन्याची रेघ मारलीय. चैत्री पौर्णिमेला मी येतोय, तिकीट काढलंय. तोवर सिमेंट कालवू नका.